कशेळीच्या सड्यावर

कोंकणांत जाणारा प्रवासी समुद्र पाहतो, माडांच्या बागा पाहतो, देवळें पाहतो. परंतु सडा पाहावा असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. उन्हाळ्यापुरतें तें बरोबरच आहे. चैत्र-वैशाखांत जांभ्या दगडाचें हें उघडें पठार तव्यासारखें तापतें, आणि करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर हिरवें म्हणून कांहीं दृष्टीस पडत नाहीं. पण हाच सडा भाद्रपदांत पाहावा. खडकावर बोटभर गवत येतें, खळग्याखळग्यांतून पाणी सांचतें, आणि त्या पाण्याच्या कडेनें सीतेच्या आसवांचीं जांभळीं फुलें अशीं पसरतात कीं पाऊल कोठें टाकावें हा प्रश्न पडतो. पाऊल जपून टाकण्याचें फुलांहून मोठें असें दुसरेंही एक कारण त्या सड्यावर आहे. तें गेल्या भाद्रपदांत आम्हांस चांगलेंच समजलें, आणि तेंच सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आमचें मूळ घर राजापूर तालुक्यांत. कुटुंब पुणें, मुंबई, ठाणें असें विखुरलेलें असलें तरी गणपतीला सर्व जण घरीं जमतात, कारण घर सांभाळणाऱ्या थोरल्या काकूंचा तसा दंडकच आहे. काकूंचें वय ८४. पण मोदक किती झाले, कोणत्या मुलानें पानांत काय टाकलें आणि कोण संध्याकाळीं परवचा चुकवून ओटीवरून पसार झालें, हें त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. गौरी-गणपतींचें विसर्जन झालें आणि दुसऱ्या दिवशीं कशेळीस जावयाचें ठरलें. काकूंस कनकादित्याचें दर्शन घ्यावयाचें होतें, आणि मुलांस सड्यावरचा हत्ती पाहावयाचा होता.

ज्यांस रत्नागिरीहून जावयाचें असेल त्यांनीं पावसची वाट धरावी. पुढें पूर्णगड लागतो. तेथें मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला कीं गांवखडीचें सुरूचें बन, आणि मग चढउतार करीत रस्ता कशेळीस येतो. आपल्याकडे सूर्याचीं देवळें थोडीं. कशेळीचें कनकादित्याचें देऊळ त्यांपैकीं एक, आणि रथसप्तमीचा तेथील उत्सव पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. आम्ही गेलों त्या दिवशीं गर्दी नव्हती. कौलारू छपराखालीं, लांकडी खांबांच्या सावलींत काकू शांतपणें अर्धा तास बसल्या, आणि मुलें मात्र हत्तीसाठीं उतावीळ झालीं.

हा हत्ती म्हणजे कातळशिल्प. सड्याच्या सपाट कातळावर रेषा कोरून हजारों वर्षांपूर्वीं कोणी माणसांनीं काढलेलें तें चित्र आहे. लांबी पन्नास फुटांहून अधिक. जमिनीवर उभें राहून सबंध हत्ती एका नजरेंत मावत नाहीं, चार पावलें फिरून सोंड शोधावी लागते, पुन्हां चार पावलें फिरून पाठ. आणि त्या हत्तीच्या पोटांत दुसऱ्या लहानमोठ्या कित्येक प्राण्यांच्या आकृत्या! कशेळी, रुंढेतळी, देवाचें गोठणें, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गांतील कुडोपी आणि गोव्यांतील फणसायमाळ अशा नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला आहे. पावसाच्या दिवसांत कोरलेल्या रेषांतून पाणी उभें राहतें, त्यामुळें ऊन पडलें कीं सबंध आकृति चकाकूं लागते. मुलें आनंदानें ओरडलीं. आम्हींही वयाचा विसर पडल्यासारखें हत्तीभोंवतीं तीन फेऱ्या घातल्या.

ह्याच सड्यावर दुसरा एक रहिवासी आहे, आणि तो हत्तीइतका मोठा नाहीं. त्याचें नांव फुरसें. लांबी हातभरही नसते; अंग मातकट, त्यावर नागमोडी पांढरट रेघा, आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी किंवा पांखराच्या पावलासारखी खूण. जांभ्याच्या रंगांत हा रंग असा मिसळतो कीं दोन हातांवरही तें दिसत नाहीं. दिवसा तें दगडाखालीं किंवा गडग्याच्या फटींत बसतें. पाऊस थांबून ऊन पडलें कीं अंग शेकण्यासाठीं बाहेर येतें. डिवचलें गेलें तर वेटोळीं एकमेकांवर घासून करवतीनें लांकूड कापावें तसा खरखर आवाज करतें, आणि हा आवाज हीच त्याची सूचना. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें फुरसें मारून आणणारास बक्षीस ठेवलें. लोकांनीं लाखांनीं फुरसीं आणून दिलीं, पण सड्यावरचें फुरसें संपलें नाहीं. आतां तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें सापांस संरक्षण आहे. तात्पर्य, फुरसें राहणारच. आपण कसें चालावें एवढेंच आपल्या हातीं आहे.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. तरी आमचा धाकटा पुतण्या विनू, वय १३, साध्या चपला घालून सड्यावर आला, आणि आम्हीं त्यास अडविलें नाहीं, हा दोष आमचाच. परत येतांना वाटेंत एक गडगा होता. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड चुन्यावांचून एकावर एक रचून केलेलें कुंपण. पांच पावलांवर वाट असतांना विनूनें गडग्यावरून उडी मारली, आणि तो पलीकडे मटकन बसला.

“काका, कांहींतरी चावलं.”

डाव्या घोट्याच्या वर दोन बारीक टिपके होते, त्यांतून रक्ताचा थेंब आला होता. गडग्याच्या पायथ्याशीं वेटोळें घालून खरखर करीत बसलेलें फुरसें सर्वांनीं पाहिलें. एका मुलानें दगड उचलला. त्यास आम्हीं थांबविलें. चवताळलेल्या सापास मारावयास जाणें म्हणजे दुसरा दंश ओढवून घेणें होय. पुतणीनें लांबूनच मोबाइलवर त्याचें छायाचित्र घेतलें. घड्याळांत दहा वाजून चाळीस मिनिटें झालीं होतीं.

गाडी रस्त्यावर उभी होती व काकू तींत बसल्या होत्या. आरडाओरड ऐकून त्या काठी टेकीत आल्या. त्यांनीं पाय पाहिला, एक शब्द न बोलतां नेसत्या लुगड्याचा पदर दातांत धरून त्याची लांब पट्टी फाडली आणि आमच्यापुढें धरली.

“अरे, बघत काय उभा राहिलास? गुडघ्याखालीं आवळून बांध आधीं! जोर लावून बांध!”

काकूंच्या त्या हुकुमामागें काय होतें तें आमच्या घरांतील सर्वांस ठाऊक आहे. १९६४ सालच्या श्रावणांत काकूंचे धाकटे दीर, म्हणजे आमचे नाना, बांधावर गवत कापीत असतां त्यांस फुरसें चावलें. नाना तेव्हां १९ वर्षांचे. थोरल्या काकांनीं सुंभानें पाय आवळून बांधला. काकू नव्या सूनबाई, त्यांनीं सुंभ आणून दिला आणि कंदील धरला. रात्रभर मांत्रिक बसला होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं नानांस डोलींत घालून डॉक्टरांकडे नेलें, तोंवर पाऊल काळेंनिळें पडलें होतें. जीव वाचला, पण गुडघ्याखालचा पाय गेला. पुढें नानांनीं तीस वर्षें गांवच्या शाळेंत मुलें शिकविलीं, सुखानें संसार केला, आणि वृद्धापकाळीं ते वारले. त्यांची कुबडी अजून माजघरांत खुंटीला आहे. “सुंभ बांधला म्हणून नाना वांचले,” हें वाक्य लहानपणापासून आम्ही ऐकत आलों. साठ वर्षें ज्या गाठीवर घराचा विश्वास, तीच गाठ काकू आमच्याकडे मागत होत्या.

वडील माणसाचा शब्द मोडणें आमच्या घरांत सोपें नाहीं, आणि तो भर सड्यावर, मूल समोर बसलें असतां मोडणें त्याहून कठीण. पण ती गाठ बांधावयाची नाहीं एवढें आम्हांस निश्चित माहीत होतें. फुरशाच्या किंवा घोणशीच्या विषानें दंशाच्या जागेचें मांस मरतें. वर आवळून बांधलें कीं विष तेथेंच कोंडून तें अधिक मरतें, आणि रक्त न पोहोंचल्यामुळें सबंध अवयव जातो. शिवाय गाठीनें विष थांबतही नाहीं. फक्त घरच्यांस कांहीं केल्याचें समाधान मिळतें आणि वेळ दवडला जातो. आम्हीं काकूंच्या हातांतली पट्टी घेतली. “काकू, पट्टी उपयोगी आहे, पण बांधायची रीत निराळी आहे,” एवढेंच म्हटलें. विनूचा पाय लांब सरळ ठेवून बाजूस मिटलेली छत्री लावली, आणि मोडलेल्या हाडास आधार देतात त्याप्रमाणें तो पाय त्या पट्टीनें छत्रीशीं सैल बांधला. इतका सैल कीं पट्टीखालीं बोट सहज जावें. पायांतल्या चपला आणि पायांत बांधलेला काळा दोरा आधींच काढला, कारण सूज आल्यावर तो रुतला असता. जखम धुतली नाहीं, चिरली नाहीं, चोखली नाहीं, तीवर बर्फ किंवा पाला लावला नाहीं. मग दोघांनीं हातांची खुर्ची करून विनूस उचलून गाडींत नेऊन निजविलें. एक पाऊलही त्यास चालूं दिलें नाहीं. कारण चालल्यानें स्नायू हलतात आणि विष लवकर अंगांत पसरतें.

विनू पांढराफटक पडला होता. “मी मरणार का?” असें त्यानें एकदांच विचारलें. ह्या प्रश्नाचें उत्तर हेंही औषधच होय. भारतांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत, त्यांपैकीं बहुतेक बिनविषारी; विषारी सापही प्रत्येक चाव्यांत विष सोडतोच असें नाहीं; आणि सोडलें तरी त्यावर उतारा आहे व तो वेळेवर मिळतो. हें सर्व पुतणी त्यास वाटेंत हळूहळू सांगत राहिली. आम्हीं निघतांनाच सरकारी रुग्णालयास फोन करून प्रतिविष शिल्लक असल्याची खात्री करून घेतली. गाडी नसती तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविली असती. काकू पुढच्या आसनावर बसून रामरक्षा म्हणत होत्या. आमच्याशीं त्या बोलल्या नाहींत.

रुग्णालयांतील डॉक्टर तरुण होत्या. त्यांनीं काय, केव्हां, कोठें चावलें तें विचारून घेतलें, सुजेच्या कडेस पेनानें रेघ ओढून वेळ लिहिली, आणि विनूच्या हातांतून थोडें रक्त काढून कोरड्या, स्वच्छ कांचेच्या नळींत घालून ती नळी न हलवितां ठेवून दिली. वीस मिनिटांनीं नळी तिरकी केली. निरोगी माणसाचें रक्त तेवढ्या वेळांत गोठून घट्ट होतें. विनूचें रक्त पाण्यासारखें वाहिलें. विनूस तर दुखण्यापलीकडे कांहीं होत नव्हतें, तो बोलत होता, भूक लागल्याचेंही सांगत होता! फुरशाचा कावा तो हाच. त्याचें विष रक्ताची गोठण्याची शक्ति खातें, परंतु घाई करीत नाहीं. रोगी दिवसभर ठीक दिसतो, घरचे लोक “उतरलं” म्हणून निर्धास्त होतात, आणि मग हिरड्यांतून, लघवींतून, कधीं मेंदूंत रक्तस्राव सुरू होतो. मंत्रानें विष उतरल्याच्या पुष्कळ गोष्टींचें मूळ, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या दुःखद शेवटाचेंही मूळ, ह्यांतच असावें.

प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून देण्यांत आल्या. हें औषध तयार होतें तें घोड्यांच्या रक्तापासून. घोड्यास विषाची अल्प अल्प मात्रा टोचीत गेलें कीं त्याच्या रक्तांत विष मारणारीं द्रव्यें तयार होतात. तीं वेगळीं काढून शुद्ध करावयाचीं. परळच्या हाफकिन संस्थेचें नांव महाराष्ट्रांत ह्या कामाशीं जोडलेलें आहे. त्यासाठीं लागणारें विष बहुतांशीं तमिळनाडूंतील इरुळ जमातीचे लोक काढून देतात. साप धरण्यांत पिढीजात निष्णात असलेल्या ह्या लोकांची सहकारी संस्था १९७८ सालीं स्थापन झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चारही सापांच्या विषावर हें एकच औषध चालतें. म्हणून साप ओळखूं आला नाहीं तरी अडत नाहीं, आणि तो मारून दवाखान्यांत नेण्याचें तर कांहींच कारण नाहीं. परंतु हें औषध घरीं किंवा सहलीच्या पेटींत ठेवण्यासारखें नव्हे. विनूच्या अंगावर औषध चालू असतांनाच गांधी उठल्या व त्यास थंडी भरली. डॉक्टरांनीं सलाइन थांबवून इंजेक्शन दिलें आणि थोड्या वेळानें पुन्हां सुरू केलें. सहा तासांनीं नळीची परीक्षा पुन्हां झाली. ह्या वेळीं रक्त गोठलें.

त्या रात्रीं दालनाबाहेरच्या बाकावर काकूंनीं डॉक्टरांस थांबविलें. आवाज अगदीं हळू होता. “बाई, एक विचारूं? आमच्या दिरांचा पाय गेला, तो सापानं कीं सुंभानं?”

डॉक्टर त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनीं खोटें सांगितलें नाहीं. “आजी, विषानंही गेला असेल, पण रात्रभर आवळलेल्या गाठीनं फार मोठा घात झाला असणार. तेव्हां डॉक्टरही बांधायलाच सांगत. जें ठाऊक होतं तें तुम्हीं केलंत.” काकूंनीं मान हलविली. पुष्कळ वेळ त्या आपल्या फाटक्या पदराची कड बोटांनीं चाचपीत होत्या.

विनू पांचव्या दिवशीं घरीं आला. पाय आणखी दोन आठवडे सुजलेला होता, इतकेंच. परंतु सर्वच घरांत असा शेवट होत नाहीं. २००० ते २०१९ ह्या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारे १२ लक्ष माणसें गेलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांत आणि घरींच, व निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. केंद्र सरकारनें २०२४ सालीं राष्ट्रीय कृति-योजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे. योजना सरकार करील. पण पहिला अर्धा तास घरच्यांच्याच हातीं असतो.

गांवच्या घरीं सुटींत जाणाऱ्या वाचकांनीं फुरशापेक्षांही मण्यारीची अधिक काळजी घ्यावी. काळ्या अंगावर जोडीजोडीनें पांढरे पट्टे, आणि ते शेपटीकडे स्पष्ट, मानेकडे पुसट. बिनविषारी कवड्याचे पट्टे ह्याच्या उलट, मानेकडे ठळक असतात. मण्यार रात्रीं घरांत शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दुखत नाहीं, सूज नाहीं, कित्येकदां खूणही दिसत नाहीं. पहाटे पोटांत कळ येते, पापण्या जड होऊन मिटूं लागतात, गिळवत नाहीं, आणि मग श्वास अडतो. पावसाळ्यांत अशीं लक्षणें दिसलीं तर अजीर्ण समजून ओवा देत बसूं नये. तडक दवाखाना गांठावा. शक्यतों खाटेवर निजावें, आणि मच्छरदाणी गादीखालीं चारी बाजूंनीं खोंचावी. रात्रीं अंगणांत जातांना विजेरी घ्यावी. लांकडांची रास, गोवऱ्या, गवत घराच्या भिंतीस लावून रचूं नये, कारण तेथें उंदीर येतो आणि उंदरामागें साप. सड्यावर, रानांत, गडावर घोट्याच्या वरपर्यंत बूट घालावे, काठी आपटीत चालावें, न पाहतां दगडावर बसूं नये, आणि दगडाखालीं किंवा जाळींत हात घालूं नये. कोणी आधींच घट्ट गाठ बांधलेली असेल, तर ती घाईनें घरीं सोडूं नये. दवाखान्यांत डॉक्टरांच्या समक्ष सोडावी.

आम्ही परत निघण्याच्या आदल्या दिवशीं दिवेलागणीस नेहमीप्रमाणें परवचा झाला. पाढे झाले, रामरक्षा झाली. मुलें उठूं लागलीं तों काकू म्हणाल्या, “बसा. अजून आहे.” आणि विनूस जवळ घेऊन त्यांनीं मुलांकडून म्हणवून घेतलें: “बांधायचं नाहीं. कापायचं नाहीं. चोखायचं नाहीं. निजवायचं, हलूं द्यायचं नाहीं, धीर द्यायचा, आणि थेट दवाखान्यांत न्यायचं.” तीन वेळां म्हणवून घेतल्यावर त्यांनीं मुलांस सोडलें. आमच्या घरच्या परवच्यांत ही भर पडली आहे. वाचकांनीं ती आपापल्या घरच्या परवच्यांतही घालावी, अशी विनंती आहे.